इथेनॉलचा दुर्लक्षित जोडीदार



मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझी ओळख झाली ती पत्रकारितेच्या वाटेवर. म्हणून एका साध्या हिशेबापासूनच आरंभ करतो. उसाची मळी आंबवली की इथेनॉल मिळते, हे महाराष्ट्राला सांगायला नको. पण त्याच टाकीत दर ९२ किलो इथेनॉलमागे ८८ किलो कार्बन डायऑक्साइडही तयार होतो, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही.

हा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. तो हवेत परतला तर जमाखर्च फार तर बरोबरीत राहतो. तोच भूगर्भात कायमचा साठवला आणि खत, वीज, वाहतूक यांचा भार वजा जाता शिल्लक उरली, तर हवेतील कार्बन प्रत्यक्ष घटतो. कोळशाच्या धुरातून हा वायू वेगळा काढणे खर्चाचे असते. आंबवण्याच्या टाकीतून मात्र तो जवळजवळ शुद्ध रूपातच बाहेर पडतो.

अमेरिकेत इलिनॉय राज्यातील डेकाटूर येथे मक्यापासून इथेनॉल बनते. तेथे २०११ ते २०१४ या काळात असा सुमारे दहा लाख टन वायू दोन किलोमीटरहून अधिक खोल वालुकाश्मात सोडण्यात आला. पुढे काम वाढले. परंतु २०२४ मध्ये एका निरीक्षण-विहिरीत गळती आढळली आणि वायू सोडणे थांबवावे लागले. वायू गाडला म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागते, हा त्यातला धडा.

आइसलँडने दुसरी वाट दाखवली. २०१२ मध्ये तेथे पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्ट खडकात सोडला. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक भाग दोन वर्षांच्या आत खनिजरूप झाला. दगड झालेल्या वायूला गळतीचे भय उरत नाही. आपले दख्खनचे पठारही बेसाल्टचेच आहे! मात्र त्या पद्धतीत एक टन वायूसाठी सुमारे पंचवीस टन पाणी लागते. आणि मुळात ऊसच पाण्याचा तहानलेला.

म्हणून माझे मागणे एवढेच : इथेनॉलच्या प्रत्येक योजनेत लिटरच्या शेजारी दोन रकाने असावेत, एक कार्बनचा आणि एक पाण्याचा. आपला खडक अनुकूल असेलही; तो तपासावा. पण दुष्काळी गावाच्या घागरीतले पाणी खर्चून मिळवलेल्या शुद्ध हवेला स्वच्छ ऊर्जा म्हणता येणार नाही.