जोत्याखालचा बचाव

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे गेली. भूकंप मध्यम क्षमतेचा होता. जीव घेतले ते कोसळलेल्या घरांनी. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे जड माळवद उन्हापासून राखण करतात, पण जमीन आडवी हलली की तेच वजन घातक ठरते. जमीन सरकते, भिंत जडत्वामुळे मागे राहते. वजन जितके जास्त तितके आडवे बळ मोठे. दगडविटांचे बांधकाम दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून कोपरे उघडतात, भिंतीचे पदर सुटतात आणि छत खाली येते. भिंत बळकट करणे हा यावरचा एक उपाय आहे. जमिनीचा हिसकाच घरात कमी शिरू देणे हा दुसरा. तो साध्या घरांच्याही आवाक्यात आणला पाहिजे आणि पहिल्याच्या जोडीने वापरला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

या दुसऱ्या उपायाला बेस आयसोलेशन म्हणतात. पाया आणि जोते यांच्यामध्ये आडवे सरकू शकणारे आधार बसवतात. बैठ्या घराचे एक आंदोलन सेकंदाच्या एक-दोन दशांशांत पुरे होते, आणि कठीण जमिनीवर भूकंपाचा जोरही बहुधा अशाच जलद हेलकाव्यांत असतो. रबर-पोलादाच्या थरांचे आधार हा आंदोलनकाळ दोन सेकंदांच्या आसपास नेतात; मग इमारतीवरचे बळ पाच-सहा पटींपर्यंत घटू शकते. भारतात याचे पहिले प्रात्यक्षिक पुनर्वसित किल्लारीतच झाले. तेथे शाळा आणि व्यापारी संकुल अशा दोन एकमजली, विटांच्या इमारती रबरी आधारांवर उभ्या राहिल्या. २००१ च्या भूकंपानंतर भूजचे रुग्णालयही याच तंत्राने बांधले गेले.

खर्चाचा आक्षेप रास्त आहे. कारखान्यात घडवलेले रबरी आधार शेतकऱ्याच्या घराला परवडणारे नाहीत. पण रुडकीत भूकंप-अभियंते आनंद आर्य व सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात विटांच्या घरांसाठी सरकत्या जोत्याचा अभ्यास केला. जोत्याखालच्या दोन गुळगुळीत थरांमधला घर्षणांक ०.२ असेल, तर आडवे बळ ढोबळमानाने वजनाच्या एक-पंचमांशापुढे जात नाही. त्याआधीच घर सरकते. सरकलेले घर जागेवर परतले नाही तर पायरी नव्याने बांधावी लागेल, नळ पुन्हा जोडावे लागतील. माणसे वाचणार असतील तर ही किंमत फार नाही. मऊ जमिनीचा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९८५ मध्ये मेक्सिको सिटीच्या गाळाने नेमके दोन सेकंदांच्या आसपासचे संथ हेलकावे वाढवले. अशा जागी रबरी आधार उलट घात करतील. म्हणून आधी जमिनीची तपासणी हवीच.

यातून कामाचा क्रम ठरतो. जोत्यावर काँक्रीटचा सलग पट्टा नसेल तर सरकताना प्रत्येक भिंत आपल्या वाटेने जाईल; दारा-खिडक्यांवरचा पट्टा नसेल तर कमी झालेला हिसकाही कोपरे उघडेल. उभ्या घरांना जोत्याखालून तोडणे अवघड, म्हणून तिथे पट्टे आणि भिंतीचे दोन्ही पदर बांधणारे आरपार दगड हाच पहिला खर्च. नव्या घरकुलांत मात्र सरकते जोते शासनाने प्रयोगशाळेत तपासून, गवंड्याला वाचता येईल अशा नकाशासह द्यावे. सुरुवात गावच्या शाळेपासून व्हावी.