अस्वस्थ पाय आणि रक्ताची साक्ष

रात्रीचे अकरा वाजलेले असतात. घरांत निजानीज झालेली असते; तरीहि एक वडील बाई अंधारांत येरझारा घालीत असतात. अंथरुणावर पडतांच त्यांच्या पोटऱ्यांत कांहींतरी वळवळूं लागतें. दुखणें म्हणावें तर तें दुखणें नव्हे, मुंग्या म्हणाव्या तर त्याहि नव्हेत. पाय हालविल्यावांचून राहवत नाहीं, एवढें खरें. चार पावलें चाललें कीं बरें वाटतें. पाठ टेकली कीं पुन्हां तोच प्रकार. घरचीं माणसें म्हणतात, "आईचा स्वभावच काळजीचा."

श्रोतेहो, हा स्वभाव नव्हे. हा एक विकार आहे. टॉमस विलिस या इंग्रज वैद्यानें सतराव्या शतकांतच त्याचें वर्णन करून ठेविलें होतें. पुढें १९४५ सालीं स्वीडनमधील डॉक्टर कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम यांनीं त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि 'रेस्टलेस लेग्ज', म्हणजे अस्वस्थ पाय, हें नांव रूढ झालें. पाय हालविण्याची अनावर इच्छा, विसांव्याच्या वेळीं तिचा उद्भव, चालण्यानें आराम, आणि सायंकाळीं व रात्रीं जोर, या चार खुणांवरून डॉक्टर तो ओळखतात. रक्ताच्या तपासणीनें हा विकार ओळखतां येत नाहीं. त्याच्या मुळाशीं कांहीं उणीव आहे काय, एवढें मात्र तिनें कळूं शकतें. त्या उणिवांत पहिला मान लोहाचा.

पायांच्या वळवळीचा लोहाशीं संबंध काय, असें कोणी विचारील. मेंदूंत डोपामिन नांवाचें द्रव्य तयार होतें; शरीराच्या हालचालींवर त्याची सत्ता चालते, आणि तें घडविण्यास लोह लागतें. या विकाराच्या रुग्णांत मेंदूच्या कांहीं भागांत लोह कमी असल्याचें आढळून आलें आहे. स्वीडनमधीलच नॉर्डलँडर यांनीं १९५३ सालीं शिरेवाटे लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचें नमूद केलें होतें.

आतां तपासणीकडे वळूं. आपल्याकडे रक्त तपासलें म्हणजे बहुधा हीमोग्लोबिन पाहिलें जातें. तें ठीक निघालें कीं घरांत समाधान पसरतें. परंतु हीमोग्लोबिन म्हणजे चुलीवर शिजत असलेलें अन्न. कणगींत धान्य किती उरलें, हें त्यावरून कळत नाहीं. शरीर आधीं कणगी रिकामी करतें, आणि मग ताटांतलें कमी करतें. ही कणगी म्हणजे फेरिटिन. म्हणून हीमोग्लोबिन उत्तम असतांनाहि फेरिटिन अगदीं तळाला गेलेलें असूं शकतें.

दुसरा घोटाळा 'नॉर्मल' या शब्दाचा. मोठ्या माणसाचें फेरिटिन पंधराच्या खालीं गेलें म्हणजे लोहाचा सांठा संपला, असें जागतिक आरोग्य संघटना मानते. त्यामुळें वीस किंवा तीस हा आंकडा कागदावर पुष्कळदां 'नॉर्मल' म्हणूनच छापला जातो. पण अस्वस्थ पायांचें माप निराळें आहे. या विकाराच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०१८ सालीं असें सुचविलें कीं, मोठ्या माणसाचें फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असल्यास लोह देण्याचा विचार करावा. आणि शिरेवाटे द्यावयाचें असल्यास १०० पर्यंतहि तो करतां येतो. तेव्हां 'नॉर्मल आहे' एवढ्या उत्तरावर न थांबतां, 'आंकडा किती?' असें विचारावें.

तो आंकडाहि कधीं कधीं फसवितो. ताप, संधिवाताची सूज किंवा यकृताचा विकार असला कीं फेरिटिन चढतें, आणि रिकामी कणगी भरलेली भासते. म्हणून त्याच्या जोडीला ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन पाहतात. रक्तांतून लोह वाहून नेणाऱ्या गाड्या शेंकडा किती भरल्या आहेत, हें त्यावरून समजतें. वीसच्या खालीं उणीव समजावी. पंचेचाळिसाच्या वर असल्यास लोह अधिक तर झालें नाहीं ना, हें पाहावें. रक्त सकाळीं उपाशीपोटीं द्यावें, आणि आदल्या दिवशीं लोहाची गोळी घेऊं नये. नाहींतर गोळीचेंच लोह कागदावर उतरतें.

जीवनसत्त्वांची गोष्ट इतकी स्पष्ट नाहीं. 'ब-१२' कमी झाल्यास मज्जातंतूंना इजा पोंचून पायांना मुंग्या व बधिरपणा येतो, आणि तो या विकारासारखा भासूं शकतो. शुद्ध शाकाहारी घरांत ही उणीव सहज संभवते, म्हणून ती तपासणें शहाणपणाचें. फॉलिक आम्ल व 'ड' जीवनसत्त्व यांचाहि संबंध सांगितला जातो, पण त्यांचा पुरावा लोहाइतका भक्कम नाहीं. उणीव निघाली तर ती भरून काढावी. निघाली नाहीं तर पाय थांबतील या आशेनें बाटल्या रिकाम्या करूं नयेत.

लोहाच्या बाबतींत तर अधिकच सावध असावें. जादा झालेलें लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराजवळ नाहीं. तें यकृतांत व हृदयांत सांठून अपाय करतें. म्हणून गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेंच घ्यावी, चहाबरोबर घेऊं नये, आणि सुमारें तीन महिन्यांनीं रक्त पुन्हां तपासावें.

शेवटीं सर्वांत महत्त्वाचें. कणगी रिकामी कां झाली, हें शोधल्यावांचून ती भरणें म्हणजे भोंक न बुजवितां धान्य ओतणें होय. तरुण स्त्रियांत मासिक पाळी किंवा बाळंतपण हें कारण असतें. पण उतारवयांत फेरिटिन घसरलें तर मूळव्याध, पोटांतील व्रण, क्वचित् आंतड्याचा कर्करोगहि गुपचुप रक्त गाळीत असतो. अशा वेळीं पायांची ती वळवळ म्हणजे दाराची कडी वाजविणारा पाहुणाच समजावा. रात्रीं घरांत कोणी येरझारा घालीत असेल, तर 'स्वभाव' म्हणून कूस बदलूं नये. उठावें, दिवा लावावा, आणि विचारावें, "पायांना काय होतें?"