झाडाच्या कमरेची तार

मंडळी, बसा. मागे कोणी असेल तर पुढे सरका.

आधी एक कोडे घालतो. मी शाळेत नोकरीला लागलो, तेव्हा आवारात एक कडुनिंब होता. घंटा टांगायला त्याच्या बुंध्यात, माझ्या खांद्याइतक्या उंचीवर, खिळा ठोकला. वीस वर्षांत निंब दुप्पट उंच झाला. मग खिळा किती वर गेला असेल? मुलांना विचारले की ती हात उंच करून दाखवीत. पण खिळा जिथल्या तिथेच! फक्त तो लाकडात बुडत चालला होता.

झाड उंच होते ते शेंड्यातून आणि फांद्यांच्या टोकांतून. मूळही टोकालाच लांबते. मधला बुंधा वर सरकत नाही. म्हणून शेळीने शेंडा खाल्ला की रोपाची उंची थांबते. मग बाजूचा डोळा फुटतो. गवताचे निराळे. ते बुडाशी आणि पेरांपाशी वाढते. म्हणून गुरांनी वरून चरले तरी पुन्हा येते.

आता जाडी. साल आणि लाकूड यांच्यामध्ये एक पातळ, ओला थर असतो. ओल्या फांदीची साल सोलली की बोटाला बुळबुळीत लागते ना, तिथेच. हा थर आतल्या बाजूला लाकडाची भर घालतो, बाहेरच्या बाजूला सालीची. सागाच्या ओंडक्यावर वर्तुळे दिसतात, ती त्याचीच करणी. नारळाला हा थर नसतो. त्यामुळे चढण्यासाठी पाडलेली खाच कधी भरून येत नाही.

आता माझी चूक सांगतो. बांधावरच्या आंब्याला मी कुंपणाची तार गुंडाळली. म्हटलं, एक खांब वाचला! आंबा जाड होत गेला, तार काही सैल झाली नाही. ती सालीत रुतली. पानांत तयार झालेले अन्न सालीच्या आतल्या भागातून मुळांकडे उतरते. ते तारेपाशी अडले. तारेच्या वर फुगवटा आला. मला वाटलं, झाड बाळसे धरतंय! पाणी लाकडातून वर चढत होते, म्हणून पाने हिरवी होती. खाली मुळे उपाशी होती. काही वर्षांनी आंबा उभ्याउभ्या वाळला.

तुमच्या झाडांना तार, साखळी, नायलॉनची दोरी असेल तर लगेच सोडा. रुतली असेल तर दिसेल तिथे पकडीने तोडा. निघेल तेवढी काढा. आत गेलेली कोयत्याने उकरू नका, साल आणखी फाटेल. आणि म्हैस बांधायला खुंटा ठोका.