गाडीतली चिप आणि राखीव कुमक



गाडीचा पिकअप आणि ॲव्हरेज वाढवणारी चिप विकत घ्यावी का? हा प्रश्न मला पुण्याहून विचारतात, बेळगावहून विचारतात, इंदूर-बडोद्याहूनही विचारतात. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, आयुष्य गाड्यांच्या ताफ्यांबरोबर गेलं, तेव्हा याला माहीत असणार, असा समज असतो. उत्तर आधीच सांगून टाकतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी घेऊ नये. का घेऊ नये, आणि ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी काय पाहावं, हे पुढची काही मिनिटं सांगणार आहे.

मी बोलतोय सुंदरपेरुमाळ कोयिलहून. कुंभकोणमहून तंजावरकडे जाणारी पॅसेंजर धरली की दारासुरम, मग स्वामीमलै, आणि त्यापुढचं आमचं छोटं स्टेशन. चहूकडे कावेरीची भातशेती. आमचं घराणं तंजावरी मराठी, म्हणजे व्यंकोजीराजांच्या मागोमाग इकडे आलेल्यांपैकी. घरची मराठी तुमच्या कानाला जुनी वाटेल. ती पुण्याच्या पोस्टिंगमध्ये जरा सरळ झाली. नोकरी आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, काम मुख्यतः वाहतुकीचं.

आता चिप. पहिली अडचण अशी की या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या वस्तू विकल्या जातात. किंमत काहीशे रुपयांपासून थेट चाळीस-पन्नास हजारांपर्यंत. म्हणून आधी त्या वेगळ्या करू.

पहिली वस्तू म्हणजे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमध्ये खोचायची छोटी डबी. काहीशे रुपयांना मिळते. लावली की दिवे लुकलुकतात. परदेशातल्या तंत्रज्ञांनी अशी एक डबी उघडून पाहिली, तर गाडीच्या संगणकाशी बोलायला जो भाग लागतो तोच आत नव्हता. होतं ते दिवे पेटवणारं सर्किट. पाकिटावर लिहिलेलं असतं की फरक दिसायला दीडशे-दोनशे किलोमीटर जाऊ द्या. तोवर माल परत करायचे दिवस संपत येतात. ही वस्तू घेऊ नका. यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

दुसरी वस्तू म्हणजे साध्या पेट्रोल गाडीच्या हवेच्या तापमानाच्या सेन्सरला जोडायचा रेझिस्टर. तो गाडीच्या संगणकाला खोटं सांगतो की आत येणारी हवा थंड आहे. थंड हवा दाट असते, म्हणून संगणक इंधन वाढवतो. पण धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा दुसरा सेन्सर बसलेला असतो. त्याला इंधन जास्त झाल्याचं कळतं आणि तो ते परत कमी करायला लावतो. म्हणजे एक कारकून खोटी नोंद करतो आणि दुसरा ती खोडतो. तुमच्या हाती काही लागत नाही.

तिसरी वस्तू म्हणजे पेडल बॉक्स. हा ॲक्सिलरेटरचा इशारा वाढवून पुढे पाठवतो. पाय थोडा दाबला तरी गाडीला वाटतं बराच दाबला. गाडी चपळ वाटते, आणि ते वाटणं खोटं नाही. पण इंजिनाची ताकद तेवढीच राहते. पाय जास्त दाबला असता तरी तेच झालं असतं.

चौथी वस्तू डिझेल गाड्यांचा ट्यूनिंग बॉक्स. आणि पाचवी म्हणजे रीमॅप. यात गाडीच्या मूळ संगणकातला इंधनाचा, टर्बोच्या दाबाचा तक्ताच बदलतात. या दोन्ही वस्तू खरोखर काम करतात. टर्बो गाडीत चांगल्या हाताने केलेल्या रीमॅपने ताकद पंधरा-वीस टक्के, कधी त्याहून जास्त वाढते. विकणारा इथे खोटं बोलत नाही. म्हणूनच इथे नीट समजून घ्यायला हवं.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा-पंधरा किलो हवा लागते. म्हणजे इंजिनाची मर्यादा हवेवर ठरते, इंधन ओतणं सोपं असतं. लडाखच्या उंच खिंडीत, पाच हजार मीटरच्या वर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा उरतो. आमच्या वेळचा शक्तिमान ट्रक बिनटर्बोचा. तिथल्या चढावर त्याचा दम निम्म्यावर यायचा. कोणतीही चिप त्याला हवा देऊ शकली नसती. टर्बो गाडीचं वेगळं असतं. टर्बो हवा कोंबून भरतो, तो किती कोंबायचा हे संगणक ठरवतो, आणि संगणकाला सांगता येतं की अजून कोंब. म्हणून टर्बो गाडीत फरक पडतो आणि बिनटर्बोच्या गाडीत जवळजवळ पडत नाही. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुष्कळांचे पैसे वाचतील.

आता विकणारा म्हणतो, कंपनीने ही ताकद मुद्दाम दाबून ठेवली आहे, आम्ही फक्त ती मोकळी करतो. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

फौजेत कमांडर सगळी माणसं पुढच्या फळीत लावत नाही. एक तुकडी मागे राखीव ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, ही माणसं रिकामी बसली आहेत. ती रिकामी नसतात. डाव उलटला तर वापरायला ती ठेवलेली असतात. गाडीच्या इंजिनातही अशीच राखीव कुमक असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीजवळ जातो. वीस अंशांच्या हवेपेक्षा चाळीस अंशांची हवा सुमारे सहा टक्के विरळ असते. त्यात गाडीत सात माणसं, टपावर सामान, एसी चालू, पुढे घाट, आणि आडगावच्या पंपावर भरलेलं डिझेल. हे सगळं एकाच वेळी झालं तरी इंजिन शाबूत राहावं, म्हणून कंपनी थोडी ताकद हातची ठेवते. चिप ती कुमक रोजच्या लढाईत उतरवते. रोज काही होत नाही. ज्या दिवशी तिची गरज पडते, त्या दिवशी ती नसते.

एक उदाहरण महाराष्ट्रातलंच देतो. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन. पुण्याजवळच्या रांजणगावला बनायचं, हरियाणात मानेसरलाही बनायचं. मारुती, टाटा, फियाट अशा सगळ्यांच्या गाड्यांत ते बसलं. लोक त्याला गमतीने राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. ते सुमारे ७५ अश्वशक्तीचं मिळायचं आणि ९० अश्वशक्तीचंही. चिपवाले म्हणायचे, पाहा, इंजिन तेच, कंपनी पंधरा अश्वशक्ती लपवते. पण कंपनीने ९० करताना टर्बो बदलला होता. ७५च्या गाडीत साधा, स्थिर पात्यांचा टर्बो. ९०च्या गाडीत वेगाप्रमाणे पाती वळवणारा. ट्यूनिंग बॉक्स काय करतो? इंधनाच्या रेलमधला दाब खरा आहे त्यापेक्षा कमी असल्याचं संगणकाला भासवतो. संगणक दाब वाढवतो, इंजेक्टरमधून जास्त डिझेल जातं. टर्बो मात्र जुनाच राहतो. जास्तीच्या डिझेलला पुरेशी हवा मिळाली नाही की काळा धूर निघतो आणि टर्बोतून जाणारा वायू जास्त तापतो. क्लच प्लेटवरही जास्त जोर येतो. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत तर काजळी अडवणारा फिल्टरही असतो. तो लवकर तुंबतो, आणि त्याचं बिल चिपच्या किमतीपेक्षा मोठं येऊ शकतं.

आता ॲव्हरेज. हा मुद्दा मला जास्त जवळचा आहे, कारण ताकदीची हौस असते आणि ॲव्हरेजची गरज असते.

आमच्या शेजारी एक टॅक्सीवाला राहतो. मी त्याला तंबी म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. तो मला सार म्हणतो. कर्ज काढून घेतलेली जुनी डिझेल डिझायर. कुंभकोणमच्या आसपास नवग्रहांची नऊ देवळं आहेत, भाविकांना दिवसभरात ती फिरवायची, हा त्याचा धंदा. एका दुकानदाराने त्याला सांगितलं, बॉक्स लाव, ॲव्हरेज पंधरा टक्के वाढेल. किंमत बावीस हजार. म्हणजे त्याच्या कर्जाचे दोन हप्ते. तो विचारायला आला, आणि आम्ही कागद घेऊन बसलो.

दिवसाला २०० किलोमीटर धरू, लिटरला १८ किलोमीटर. म्हणजे ११ लिटरच्या वर थोडं डिझेल. दुकानदाराचं म्हणणं शंभर टक्के खरं धरलं, तर दिवसाला जवळपास दीड लिटर वाचेल. मग मी विचारलं, तंबी, लोक दर्शनाला आत जातात तेव्हा तू काय करतोस? म्हणाला, इंजिन आणि एसी चालू ठेवतो सार, परत येतात तेव्हा गाडी गार हवी. नऊ देवळं, प्रत्येकी पंधरा मिनिटं धरली तरी दोन तासांच्या वर. उभ्या गाडीत एसी चालू असेल तर तासाला साधारण अर्धा ते एक लिटर डिझेल जातं. म्हणजे दुकानदार बावीस हजार घेऊन जेवढं वाचवून देणार होता, जवळपास तेवढंच डिझेल देवळाबाहेर उभ्या उभ्या जळत होतं.

आठ दिवस त्याने गाडी सावलीत लावली, इंजिन बंद ठेवलं आणि लोक बाहेर येताना दिसले की सुरू केलं. टायरची हवा दर सोमवारी तपासली. रोज टाकी तोंडापर्यंत भरून मोजलं. दिवसाला लिटरभर, कधी सव्वा लिटर वाचलं. खर्च शून्य. शिवाय टूर प्रकारच्या टॅक्सीला ताशी ८० किलोमीटरचा वेगनियंत्रक असतो. जास्तीची अश्वशक्ती घेऊन तो करणार काय होता?

मग काही लोकांना चिपनंतर ॲव्हरेज वाढल्याचा अनुभव येतो, तो खोटा का? पुष्कळदा खरा असतो. पैसे खर्च केले की माणूस आकड्याकडे पाहू लागतो, आणि आकड्याकडे पाहणारा पाय हलका ठेवतो. ते श्रेय तुमच्या पायाचं असतं.

पेट्रोलवाल्यांसाठीही एक गोष्ट सांगतो. ई-२० आल्यापासून ॲव्हरेज घटल्याची तक्रार बरेच जण करतात आणि त्यावर उपाय म्हणून चिप शोधतात. आपल्या उसापासून बनणाऱ्या इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. जी ऊर्जा टाकीत आलीच नाही, ती चिप कुठून आणणार?

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. नुसतं सॉफ्टवेअर बदललं तर ते यात बसतं का, यावर वकील वाद घालतील. पण वॉरंटी देणारी कंपनी त्या वादाची वाट पाहत नाही. गाडीला पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून मान्यता मिळते ती मूळ मांडणीसकट. मांडणी बदलली की वॉरंटीचा दावा फेटाळायला कारण मिळतं. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतर बाहेर आला, तर तिथेही झगडा उभा राहतो.

मग चिप कुणी घ्यावी? ज्याची गाडी टर्बोची आहे, वॉरंटी संपली आहे, इंजिन-क्लच सुस्थितीत आहे, बिघाड झाला तर खर्च सोसण्याची ऐपत आहे, आणि जो ही गाडी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैसारख्या शर्यतीच्या ट्रॅकवर पळवणार आहे, त्याने. ती हौस आहे आणि हौसेला मोल असतं. फक्त तिला बचत म्हणू नये.

विकणाऱ्याला तीन प्रश्न विचारा. माझी गाडी डायनोवर लावून आधीची आणि नंतरची ताकद कागदावर देणार का? मूळ तक्ता जपून ठेवून मागितल्यावर परत टाकून देणार का? आणि टर्बो किंवा क्लच गेला तर जबाबदारी लेखी घेणार का? पहिल्या दोनांना हो म्हणणारे भेटतील. तिसऱ्याला हो म्हणणारा मला अजून भेटलेला नाही. राखीव कुमक तुमची, ती खर्चाला काढणारा दुसरा, आणि नुकसान पुन्हा तुमचंच. असा सौदा सही करण्याआधी दोनदा वाचावा.

जय हिंद.