बाबेलच्या बंदिवासातील गाणे

वेस्ट इंडीजमधील जमैका हे बेट ६ ऑगस्ट १९६२ रोजी ब्रिटिश अमलातून मुक्त झाले. परंतु तेथील रास्ताफारी पंथीयांना या स्वराज्याचा लवकरच आलेला अनुभव तुरुंगाचा होता. एप्रिल १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथे रक्तपात होऊन आठ माणसे मृत्यू पावली. ते निमित्त करून पोलिसांनी रास्ताफारींची सरसकट धरपकड केली; व्रत म्हणून राखलेल्या त्यांच्या जटा बळजबरीने कापल्या. आणि हे करणारे सरकार स्वकीयांचे होते.

आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे हे वंशज. १९३० साली इथिओपियाचा रास तफारी 'हैले सेलासी' हे नाव धारण करून सम्राट झाला, तेव्हा जमैकातील काही दरिद्री लोकांनी त्याला ईश्वराचा अवतार मानले. सम्राट स्वतः इथिओपियाच्या प्राचीन ख्रिस्ती मंडळीचा अनुयायी; पुढे १९७४ साली त्याच्याच सैन्याने त्याला पदच्युत केले. ख्रिस्ती श्रद्धेला असा अवतार मान्य होणे कठीण. तथापि उसाच्या मळ्यांत ज्यांच्यापुढे परमेश्वराचे चित्रसुद्धा गोऱ्या वर्णाचेच मांडले गेले, त्यांच्या मनाची भूक ओळखणे कठीण नाही. बायबल त्यांनी टाकले नाही. बाबेलच्या बंदिवासातील इस्राएल म्हणजे आपण, आणि सियोन म्हणजे आफ्रिका, असे ते वाचू लागले. (त्यांच्या उपासनेतील 'गांजा' हा शब्द मात्र हिंदुस्थानचा. १८४५ पासून तेथे गेलेल्या करारबद्ध हिंदी मजुरांनी तो नेला.)

या उपासनेतील ढोल किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत घुमत. काउंट ऑसी या वादकाचे ढोल १९६० च्या सुमारास 'ओ कॅरोलिना' या ध्वनिमुद्रिकेत वाजले आणि हेटाळलेला नाद घरोघर पोचला. 'रेगे' हे नाव १९६८ च्या सुमारास रूढ झाले. त्याच्या एका प्रसिद्ध ठेक्यात, आपल्याकडे जेथे सम दणक्यात यावी, ती पहिली मात्रा ढोल रिकामी सोडतो आणि तिसरीवर आघात करतो. गिटार मात्रांच्या मधल्या जागा भरते. ऐकणाऱ्याचे पाऊल आपोआप त्या रिकाम्या जागेत पडते.

ज्या वर्षी जटा कापल्या गेल्या, त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला हैले सेलासीने संयुक्त राष्ट्रसंघात भाषण केले. एक वंश श्रेष्ठ व दुसरा कनिष्ठ ही कल्पना नष्ट होईपर्यंत शांतता नांदणार नाही, असा त्याचा आशय होता. सभागृहातली भाषणे सहसा दप्तरात निजतात. हे मात्र १९७६ साली बॉब मार्लेने जवळजवळ जसेच्या तसे 'वॉर' या गीतात गायिले. बाप गोरा, आई कृष्णवर्णी, बालपण दारिद्र्यात. वर्णाचा प्रश्न त्याला पुस्तकातून शिकावा लागला नव्हता. एप्रिल १९८० मध्ये झिंबाब्वे स्वतंत्र झाले, त्या मध्यरात्रीच्या सोहळ्यात तो गायिला. पुढच्याच वर्षी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, तो निवर्तला.

समतेचा हा घोष पंथाच्या स्वतःच्या घरात मात्र अपुरा राहिला. स्त्रियांना तेथे बरोबरीचे स्थान सहजी मिळाले नाही.

२०१८ साली युनेस्कोने रेगेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. त्याआधी एक वर्ष जमैकाच्या सरकारने कोरल गार्डन्सबद्दल क्षमा मागितली. जटा कापल्या गेलेल्या तरुणांपैकी काहीजण तोवर हयात होते, वार्धक्यात.