यंत्राला मुळाक्षरे शिकविणारी कल्पकता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो 'संगणकाची कामे आणि कल्पकता'. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण माझी मुलगी हे शिक्षण घेत आहे, घरात रोज तेच कानांवर पडते आणि न समजलेले विचारायची मला लाज वाटत नाही. तेवढ्या भांडवलावर चार शब्द बोलते.

मुलीने हा अभ्यासक्रम घेतला तेव्हा आमच्या एक वन्सं म्हणाल्या, "आता तिची रांगोळी नि नाटकं माळ्यावर टाका. तिथे नुसती बटणं दाबायची." असे पुष्कळांना वाटते. त्यामुळे कल्पक मुली या वाटेला जात नाहीत, आणि ज्या जातात त्या आपली कल्पकता उंबऱ्याबाहेर ठेवून जातात. हे नुकसान लहान नाही, म्हणून मी एकच गोष्ट जरा सविस्तर सांगणार आहे. ती आपल्या मराठी अक्षरांची आहे.

संगणक जन्माला आला तो परदेशात. इंग्रजी अक्षरे सुटी सुटी, एकापुढे एक बसणारी. आपली अक्षरे तशी नव्हेत. कुणाच्या डोक्यावर मात्रा, कुणाच्या पायाशी उकार, कुणी दुसऱ्याच्या पोटात शिरलेले! 'किती' म्हणताना तोंडातून आधी 'क' येतो, मग 'इ'. कागदावर मात्र वेलांटी डावीकडे, 'क'च्या आधी. जुन्या टंकयंत्रावर वेलांटीच आधी मारावी लागे. जोडाक्षरांसाठी अर्ध्या अक्षरांच्या वेगळ्या कळा, आणि तरी त्या पुऱ्या पडत नसत.

1980 नंतरच्या काळात कानपूरच्या आय. आय. टी. मध्ये या प्रश्नावर काम झाले, त्यात मोहन तांबे हे अभियंते होते. पुण्यात 1988 साली सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली आणि ते काम तिथे पुढे गेले. 'परम' महासंगणकामुळे या संस्थेचे नाव झाले, पण माझ्या मते आपल्या घरापर्यंत पोचले ते हे अक्षरांचे काम. त्याचे नाव 'जिस्ट'.

त्यातली युक्ती ऐका. यंत्राने अक्षराचा आकार लक्षात ठेवायचाच नाही, उच्चार ठेवायचा. आपण बोलतो त्याच क्रमाने 'क', मग 'इ' असे साठवायचे आणि पडद्यावर दाखवताना वेलांटी डावीकडे नेऊन बसवायची. 'क'चा पाय मोडून 'ष' जोडला की 'क्ष'. म्हणजे शेकडो जोडाक्षरांची रास साठवायला नको, मुळाक्षरे पुरतात. आपल्या पंतोजींची बाराखडीच ती! भारतातल्या बहुतेक लिप्यांचा वर्णक्रम मुळात एकच, त्यामुळे तोच सांकेतिक क्रम बंगाली, गुजराती, कानडी यांनाही चालला. 'रत्नागिरी' हा शब्द एकदा घातला की तोच गुजराती लिपीतही उमटवता येई. 1991 साली भारतीय मानक संस्थेने या पद्धतीला मान्यता दिली. तिला 'इस्की' म्हणतात. जगभर चालणाऱ्या 'युनिकोड'मधली देवनागरीची मांडणीही इस्कीच्या 1988 सालच्या आराखड्यावरून घेतली आहे.

दुसरी युक्ती मला अधिक आवडली. त्या वेळचे सगळे कार्यक्रम इंग्रजीसाठी लिहिलेले. प्रत्येक कार्यक्रम नव्याने लिहायचा तर जन्म पुरला नसता. म्हणून त्यांनी यंत्राच्या पोटात बसणारी एक पट्टीच केली. ती बसवली की तेच जुने कार्यक्रम भारतीय लिप्या दाखवू लागत. घरातला एकेक नळ बदलण्यापेक्षा टाकीलाच गाळणी बसवावी, तसे.

कळांची मांडणीही पाहण्यासारखी आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'क'च्याच कळेवर जोडकळ दाबली की 'ख', 'ग'च्या कळेवर 'घ'. मुलीने शिकवल्यावर मला चार दिवसांत कळा सापडू लागल्या, कारण मांडणी माझ्या ओळखीची होती.

असे असूनही कित्येक वर्षे ज्याने त्याने आपापल्या अक्षरवळणाचे वेगळे संकेत चालवले. त्यामुळेच आपल्या मंडळाचा अहवाल एका छापखान्यात गेला तेव्हा त्याची नुसती खिचडी झाली होती, हे तुम्हांला आठवत असेल. बुद्धी होती, एकी नव्हती. असो.

आता आपल्या मराठीची एक खोड. 'दर्या' म्हणजे समुद्र, आणि 'दऱ्या' आंबा घाटातल्या. लग्नात 'आचार्यांना' दक्षिणा, 'आचाऱ्यांना' मजुरी! हिंदीत हा फरक नाही. मग यंत्राने तो कसा ओळखावा? त्यासाठी 'र'खाली टिंब असलेले वेगळे अक्षर योजले. त्याचा पाय मोडून 'य' जोडला की आपला आडवा 'र' उमटतो. हे सुचायला मराठी कानच लागतो. नुसते गणित येऊन भागत नाही.

बायकांचा यात भाग काय, असे मघाशी कुणी विचारले. अमेरिकेत ग्रेस हॉपर नावाच्या बाई होत्या. यंत्राला आकड्यांऐवजी शब्दांत आज्ञा देता याव्यात असे त्या म्हणत, तेव्हा लोकांना ते अशक्य वाटे. 1952 साली त्यांनी माणसाने लिहिलेले यंत्राच्या भाषेत आणणारा कार्यक्रम करून दाखवला.

हल्ली यंत्रच कार्यक्रम लिहिते, मग मुलींनी शिकावे कशाला, असेही ऐकते. यंत्राला सांगितले तर ते लिहील. पण दर्या आणि दऱ्या यांत घोटाळा होतो आहे, हे आधी कुणाला तरी खटकावे लागते ना?

आणि खटकण्यासारखे अजून पुष्कळ आहे. 2014 साली मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये जागा मिळाली. जागा मिळाली, पण हात न उचलता लिहिलेली ती जुनी अक्षरे यंत्राला वाचायला शिकवणे फार कठीण आहे. प्रत्येक कारकुनाचे वळण निराळे. आपल्यापैकी कितीजणींच्या माळ्यावर मोडीतली दप्तरे कसर खात पडली आहेत! वन्संच्या घरीही एक पेटी आहे. ती पुढच्या महिन्यात उतरवून माझी मुलगी एकेका कागदाचे फोटो काढणार आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी तिला जरूर कळवावे.