‘बरोबर’ या चिन्हाचा अर्थ : प्राथमिक गणितातील एक दुर्लक्षित पायरी

(रायपूर येथे प्राथमिक शिक्षकांसमोर दिलेले व्याख्यान)



छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी अस्तित्वात आले. राजधानी रायपूरच्या शाळांत छत्तीसगढी, हिंदी, ओडिया, मराठी अशा निरनिराळ्या भाषा घरी बोलणारी मुले एकत्र बसतात. फळ्यावरील ‘=’ हे चिन्ह मात्र सर्वांसाठी एकच असते. त्याचा अर्थ मुलांना खरोखर उमगतो काय, हा आजच्या विवेचनाचा विषय होय.

चूक कोठे होते?

३ + ४ = ७ हे विधान पहिली-दुसरीची मुले सहज मान्य करतात. परंतु ७ = ३ + ४ हे अनेकांना ‘उलटे’ वाटते; ७ = ७ मध्ये ‘गणितच नाही’ असे वाटते आणि ३ + ४ = ५ + २ हे तर सरळ चूक ठरते. कारण ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ ही आज्ञा, असा त्यांचा समज झालेला असतो. दोन्ही बाजूंचे मूल्य समान आहे, हे सांगणारे ते चिन्ह आहे, ही जाणीव निर्माण झालेली नसते.

ही अडचण केवळ भारतातील नाही. फॉकनर, लेव्ही व कार्पेंटर यांनी १९९९ मध्ये अमेरिकेतील एका शाळेचा अनुभव मांडला. ८ + ४ = □ + ५ या उदाहरणात सहावीच्या सर्व १४५ विद्यार्थ्यांनी चौकटीत १२ किंवा १७ लिहिले. योग्य उत्तर ७ आहे. बेरीज या मुलांना येत होती; चिन्हाचा अर्थ येत नव्हता. असे विद्यार्थी पुढे बीजगणितात अडखळतात.

भाषेची गुंतागुंत

मराठीत ‘बरोबर’ या एकाच शब्दाने ‘समान’ आणि ‘अचूक’ हे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. हिंदीत ‘बराबर’ आणि ‘सही’ असा भेद आहे. म्हणून मराठी शिकवताना चिन्हासाठी ‘समान’ व निर्णयासाठी ‘खरे की खोटे’ असे शब्द वेगळे ठेवणे हितावह ठरते. ‘समीकरण’ या शब्दातच ‘सम करणे’ हा अर्थ आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘बीजगणित’ या ग्रंथात समीकरणांचा विस्तृत विचार आढळतो. १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड यांनी समान लांबीच्या दोन समांतर रेषा चिन्ह म्हणून निवडल्या, त्या समानतेचे प्रतीक म्हणूनच.

उपाय

पहिली पायरी तराजूची. एका पारड्यात सारख्याच आकाराचे ३ व ४ मणी, दुसऱ्यात ५ व २ मणी ठेवले की पारडी समतोल राहतात. दुसरी पायरी विधानांची : ६ = ६, ९ = ४ + ५, २ + ६ = ६ + ३. प्रत्येक विधान खरे की खोटे, हे मुलाने ठरवावे आणि कारणही सांगावे. खोटी विधाने मुद्दाम द्यावीत. अन्यथा पारखण्याची गरजच उरत नाही. तिसरी पायरी बेरीज न करता निर्णय घेण्याची. २८ + १५ = २७ + १६ येथे एक संख्या १ ने कमी, तर दुसरी १ ने जास्त; म्हणून विधान खरे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील संशोधकांनीही पदावल्यांची समानता त्यांच्या रचनेवरून ओळखण्यावर भर दिला आहे.

शिक्षकांनीही फळ्याकडे लक्ष द्यावे. ५ + ३ = ८ + २ = १० असे घाईने लिहिले जाते; पण ५ + ३ आणि ८ + २ समान नाहीत. तेथे दोन स्वतंत्र ओळी हव्यात.

राष्ट्रीय संदर्भ

राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाच्या विचारप्रक्रियेचे गणितीकरण हे गणित शिक्षणाचे मुख्य ध्येय मानले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञानाला अग्रक्रम दिला. त्यानुसार ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ अभियान सुरू झाले. तिसरीअखेर प्रत्येक बालकाने ही कौशल्ये आत्मसात करावीत, हे त्याचे उद्दिष्ट असून त्यासाठी २०२६-२७ हे लक्ष्यवर्ष ठरविण्यात आले.

या उद्दिष्टाची पूर्तता केवळ उत्तरांच्या संख्येने मोजता येणार नाही. समोर लिहिलेले विधान शिक्षकाने लिहिले म्हणून खरे न मानता, दोन्ही बाजू तपासून आपला निर्णय सकारण सांगणारे मूल हीच पायाभूत संख्याज्ञानाची खरी कसोटी होय.